विहारात मनाच्या दुखण्यालाही जागा हवी

मुलचेऱ्यातल्या खेड्यात कुणी मनाने खचला, तर घरचे आधी मांत्रिकाकडे नेतात. गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर मजुरी बुडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता अशा आजारांच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नाहीत.

यावर गटोपचार हा परवडणारा मार्ग आहे. युगांडातील ३० खेड्यांच्या अभ्यासात त्यांपैकी १५ खेड्यांत प्रशिक्षित स्थानिक लोकांनी १६ आठवडे असे गट चालवले. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शेवटी गटातील ६.५ टक्के लोकांत तीव्र नैराश्य उरले होते, गट नसलेल्या गावांत ५४.७ टक्के. आपल्या विदर्भातही अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना तयार केले. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

जातीचा अपमान, बेरोजगारी, घरातली दारू यांनी आलेले दुःख माणूस स्वतःचा दोष समजतो. गटात त्याला कळते, आपण एकटे नाही.

मात्र विहारातली नेहमीची सभा म्हणजे गटोपचार नव्हे. आठ-दहा माणसे, प्रशिक्षित चालक, बाहेर न जाणारे बोलणे आणि महिलांचा स्वतंत्र गट हवा. आत्महत्येचा विचार बोलणाऱ्याला तातडीने डॉक्टरकडे न्यावे. टेलिमानसचा १४४१६ क्रमांक मोफत आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क आहे. म्हणून युवकांनी विहार खुले करावेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे प्रशिक्षणाची लेखी मागणी करावी.