जीएसटीचा दर कॉन्स्टंट नसतो, भाऊ!

मित्रांनो, क्लास कॉन्स्टंटचा व्हिडिओ पाहिला असेल, तर आता एक मुद्दा स्पष्टच सांगतो. कॉन्स्टंट लिहायचा कसा, हे पाच मिनिटांत येतं. कॉन्स्टंट करायचं कशाला, इथंच बिलाचं सॉफ्टवेअर बनवणारे फसतात.

आधी थोडी उजळणी. पीएचपीत क्लासच्या आत 'कॉन्स्ट' लिहून नाव आणि किंमत द्यायची. नावाआधी डॉलरचं चिन्ह नको. क्लासच्या आत 'सेल्फ' आणि डबल कोलन लावून वापरायचं, बाहेर क्लासचं नाव लावून. त्यासाठी ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही आणि प्रोग्रॅम चालू असताना ती किंमत बदलत नाही.

आता रेणापूरच्या मोंढ्यातलं आडतीचं बिल घ्या. एका क्विंटलचे 100 किलो. हा खरा कॉन्स्टंट. कोडमध्ये दहा ठिकाणी नुसतं 100 लिहिलं, तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही, हे 100 किलोचे की टक्क्याच्या हिशोबाचे. नाव दिलं की प्रश्न मिटला.

पण सोयाबीनचा हमीभाव? 2024-25 ला क्विंटलला 4,892 रुपये, 2025-26 ला 5,328. तो कॉन्स्टंट कसा होईल?

टॅक्सचंही तसंच. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला. अशा वेळी बरेच जण क्लास उघडतात, 28 खोडून 18 टाकतात आणि मोकळे होतात. नवी बिलं बरोबर निघतात. मग एखादं गिऱ्हाईक ऑगस्टच्या बिलाची प्रत मागतं. सॉफ्टवेअर प्रिंटच्या वेळी टॅक्स पुन्हा मोजत असेल, तर जुन्या बिलावर 18 टक्के छापून येतात. टॅक्स भरलाय 28 नं, कागद सांगतो 18. उत्तर मात्र दुकानदाराला द्यावं लागतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. व्याख्येनंच ठरलेलं असेल ते कॉन्स्टंट. सरकार किंवा बाजार ठरवतो ते डेटाबेसच्या टेबलात, 'कधीपासून लागू' या तारखेसकट. बिल करताना त्या तारखेचा दर उचला आणि बिलासोबतच सेव्ह करा.

छोट्या दुकानाला एवढं कशाला, असं म्हणाल. अहो, टेबल एक, कॉलम तीन: वस्तू, दर, लागू तारीख. छोट्या दुकानाकडे तर चूक निस्तरायला वेगळा माणूसही नसतो.

आज तुमचा कोड उघडा आणि प्रत्येक कॉन्स्टंटपाशी थांबून विचारा: हा आकडा बदलायचा अधिकार कुणाला आहे? कुणालाच नसेल, तर राहू द्या. असेल, तर टेबलात हलवा.