यंत्रातले घड्याळ, उशाजवळचा सेल

वाचकहो, घरातील रक्तदाबमापक किंवा ग्लुकोमीटर आज हाती घ्या आणि त्यावरची तारीख व वेळ वाचा. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे पडले, तर घरातला प्रत्येक जण बोलून दाखवतो. या यंत्रांतले घड्याळ मात्र महिनोन्महिने चुकलेले असले तरी कोणाच्या ध्यानी येत नाही.

यंत्र बंद दिसत असतानाही आतले घड्याळ सेलमधून अगदी थोडी वीज सतत घेत असते. सेल काढले की अनेक यंत्रांत ते थांबते आणि नवे सेल घातल्यावर भलत्याच जुन्या तारखेपासून पुन्हा चालू लागते. आधी साठवलेली मापे बहुधा शाबूत राहतात. बिघडते ती पुढच्या नोंदींची वेळ.

एवढ्याने काय होते, असे वाटेल. समजा, दुपारी अडीच वाजता, जेवणानंतर दोन तासांनी, साखर १९० भरली. सेल बदलताना ‘एएम’ आणि ‘पीएम’ यांची अदलाबदल झालेली असेल, तर यंत्र तीच नोंद पहाटे अडीचची म्हणून दाखवील. डॉक्टरांनी केवळ यंत्राच्या स्मृतीवरून अनुमान काढले, तर रात्री साखर चढते असा त्यांचा समज होऊ शकतो आणि रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा वाढू शकते. मग ज्यांची साखर रात्री मुळीच चढत नव्हती, त्यांची ती झोपेत धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव असतो. दरदरून घाम, गोंधळलेले मन, अंधारात उठताना गेलेला तोल. म्हातारपणी अशा एका पडण्याची किंमत केवढी असते, हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको. रक्तदाबाचेही तसेच आहे. काही यंत्रे सकाळची व संध्याकाळची सरासरी वेगळी दाखवतात, आणि ती वाटणी याच घड्याळावर चालते.

म्हणून सेल बदलले की पहिले माप घेण्याआधी मोबाइलशी ताडून वेळ लावावी. सगळे सेल एकदम बदलावेत. जुना आणि नवा एकत्र घालू नये. सेल बदलल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून झाकणावर लावावी. माझे मत विचाराल, तर यंत्राची स्मृती वहीची बरोबरी करीत नाही. जेवण किती वाजता झाले, गोळी घेतली की राहिली, हे वहीच सांगते.

आता बंद दिसणाऱ्या टीव्हीच्या लाल दिव्याविषयी. पुष्कळ आजोबांना तो दिवा सहन होत नाही आणि रात्री ते टीव्हीमागचे बटण शोधत वाकतात. हिशेब असा की, एक वॅट वीज वर्षभर अखंड खर्च झाली तर पावणेनऊ युनिट होतात. आजच्या बहुतेक टीव्हींचा स्टँडबाय खर्च याच आसपास किंवा याहून कमी असतो. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केल्यावरही बरीच वीज घेऊ शकतो. बचत करायचीच असेल, तर हाताच्या उंचीवर बटण असलेला विस्तारफलक बसवून घ्यावा. पण त्याच फलकावर इन्सुलिन ठेवलेला फ्रिज, हवेच्या गादीचा पंप किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कदापि जोडू नये.

श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलची रीत निराळी. त्यावरचा चिकट कागद काढला की हवा आत शिरते आणि सेल झिजू लागतो. कागद परत लावून तो थांबत नाही. म्हणून कागद ऐनवेळी काढावा, सेल काही मिनिटे तसाच उघडा ठेवावा आणि मगच यंत्रात बसवावा.

हा इवलासा सेल गोळ्यांच्या डबीजवळ कधीही ठेवू नका. मंद दृष्टीच्या माणसांनी तो औषध समजून गिळल्याची उदाहरणे आहेत. रिमोट, वजनकाटा व ग्लुकोमीटर यांतली लिथियमची चकती तर नातवंडांसाठी अतिशय घातक. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत तेथील ऊती जळू लागतात. उलटी करवू नये, लक्षणांची वाट पाहू नये. एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे. यंत्र चालवू न शकणाऱ्या, संपलेल्या चकतीतही इजा करण्याइतकी वीज उरलेली असते. ती काढताच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद डबीत टाकावी.