पाण्याचा कागद वस्तीसमोर लावा

पावसाळा आला की जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे रुग्ण वाढतात. घरातले एक माणूस आजारी पडले की चार दिवसांची मजुरी बुडते. सलाईन लावावे लागले तर खासगी दवाखान्याचे बिल वेगळेच. म्हणून आपण पाणी गाळतो, उकळतो, तुरटी फिरवतो. हे सर्व करावेच. पण आपल्या नळाचे पाणी शेवटचे कधी तपासले आणि त्यात काय निघाले, हे आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते आरोग्याचा पहिला प्रश्न हाच आहे.

वाशिंदजवळून भातसा वाहते. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा याच भातसा धरणातून जातो. तानसा धरणही आपल्याच शहापूर तालुक्यात आहे. मुंबई महापालिका आपल्या पर्यावरण अहवालात कोणत्या विभागातले किती टक्के नमुने पिण्यास अयोग्य निघाले, हे छापते. इकडे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तो कोणत्या विहिरीवर भरला, त्यात जंतुनाशक टाकले का, हे हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला सहसा कोणी सांगत नाही. तेच पाणी मुंबईत पोहोचले की त्याचा हिशेब छापला जातो, आणि धरणाच्या तालुक्यातल्या माणसाला आपल्या पाण्याचा हिशेब विचारत फिरावे लागते. हे बरोबर नाही.

असे कागद नसतातच, असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते. विहिरीभोवती घाण आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, ब्लीचिंग पावडरचा साठा आहे का, साथ आली होती का, हे पाहून ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. लाल म्हणजे तीव्र जोखीम, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. शिवाय पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि त्यांचे अहवाल येतात. आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड यंदा कोणत्या रंगाचे आहे, हे वस्तीतल्या दहा घरांत विचारून पाहा. किती जणांना सांगता येते ते कळेल. धोक्याची सूचना कपाटात राहिली तर तिचा रोग्याला काय उपयोग?

माहितीचा अधिकार कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याआधी 2002 पासून महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता. केंद्रीय कायद्याचे कलम 4 सांगते की सरकारी कार्यालयांनी लोकांच्या कामाची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावी. म्हणजे अर्ज करणे हा शेवटचा उपाय आहे. पाण्याचा अहवाल फळ्यावर लावणे हे ग्रामपंचायतीचे कामच आहे. त्यात कोणाची खासगी बाब नाही, कोणाचे गुपित नाही.

फळ्यावर काही लावलेले नसेल तर आणखी एक वाट आहे. राज्य शासनाने 26 नोव्हेंबर 2018 रोजी, संविधान दिनाच्याच दिवशी, आदेश काढला. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडील कागदपत्रे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना पाहता यावीत, असा तो आदेश आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती.

तरीही नकार मिळाला तर लेखी अर्ज करावा. अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने दाखल्याची प्रत जोडली तर शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत मांडावा. उदाहरणार्थ : "आमच्या वस्तीला पाणी देणाऱ्या स्रोतांचे मागील दोन वर्षांचे तपासणी अहवाल, स्वच्छता सर्वेक्षणाचे कार्ड आणि ब्लीचिंग पावडरच्या साठा नोंदवहीच्या प्रती मिळाव्यात." 30 दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास त्यापुढील 30 दिवसांत पहिले अपील करावे. माणसाच्या जीविताचा प्रश्न असेल तर 48 तासांत माहिती देण्याचे बंधन आहे. साथ सुरू असताना अर्जात हे स्पष्ट लिहावे.

"अर्ज केला तर सरपंच डूख धरेल, उद्या दाखला अडेल," अशी भीती वस्तीत असते आणि ती खोटी नाही. माहिती मागणाऱ्यांवर या राज्यात हल्ले झाले आहेत. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी खून झाला. म्हणून एकट्या माणसाला पुढे करू नये. सोमवारी पाच-सात जणांनी, त्यातही महिला मंडळाने, मिळून जावे. हाच प्रश्न 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत सर्वांदेखत विचारावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

कागद पाहून पाणी शुद्ध होत नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण गळती कुठे आहे हे कागदावर आले की दुरुस्ती का झाली नाही, असे विचारता येते. कागद हाती नसेल तर दोष आपल्याच माथी येतो : तुम्ही स्वच्छता पाळत नाही, म्हणून आजारी पडता.

महाडचा धडा आपल्याला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी तो ठराव दप्तरातच पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क ओंजळीत आला. पुढे न्यायालयातला निकाल लागायला 1937 उजाडले. हक्क लिहिलेला असणे आणि तो हाती येणे, या दोन गोष्टींमधले अंतर लोकांनाच चालून जावे लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने पाणी तपासणीची तारीख, निकाल आणि कार्डाचा रंग, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत, प्रत्येक वस्तीत लावावा. ग्रामपंचायत लावीपर्यंत आपण सोमवारी जाऊन तो उतरवून आणू आणि विहाराच्या फळ्यावर लिहू. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रविवारच्या वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवू.