महापेची हवा मोजली जाते, माणसांच्या छातीचे काय?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापे एमआयडीसीत, निर्मल भवनात आहे. हवेची सतत नोंद घेणारे मंडळाचे केंद्रही महापेत आहे. मोबाईल उघडला की आजचा आकडा कळतो. पण ही हवा रोज घेणाऱ्या माणसाच्या छातीत काय साठत गेले, याची वही आम्हाला कुठे दिसत नाही. आमच्या मते महापेच्या आरोग्याचा खरा प्रश्न इथेच आहे.

ठाणे-बेलापूर पट्टा १९६०च्या दशकापासून रसायन, औषधे आणि अभियांत्रिकी कारखान्यांचा पट्टा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा १०० पैकी ७० च्या वर गेलेली ४३ क्षेत्रे ‘अतिप्रदूषित’ ठरली. नवी मुंबईचे गुण होते ७३.७७. जानेवारी २०१० मध्ये या क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना स्थगिती मिळाली. पुढे ती उठली. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही नवी मुंबईचे नाव आहेच.

आता रोजच्या आकड्याकडे पाहू. हवेचा निर्देशांक आठ घटकांवर ठरतो. त्यात धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, अमोनिया वगैरे येतात. टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ त्यात नाही. शिवाय धूलिकणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीचा असतो. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाणे खाडी. हिवाळ्यात रात्री वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जात नाही. रात्री दोन तास डोळे चुरचुरले, तरी सकाळी आकडा ‘मध्यम’ दिसू शकतो. म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो.

पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात उतरतात. म्हणून हा त्रास केवळ खोकल्या-दम्याचा नाही, तो हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही आहे. जागतिक आरोग्य संघटना वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे सांगते, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात, त्यामुळे पहिला मार त्यांच्यावर बसतो.

आणि हा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. काचेच्या इमारतीत वातानुकूलित यंत्राखाली बसणारा आणि कंत्राटदाराकडे ड्रम धुणारा, दोघांचा पत्ता महापेच. दुसरा संध्याकाळी तुर्भे, रबाळे किंवा दिघ्याच्या वस्तीत परततो, तिथेही हवा तीच. मराठवाडा-विदर्भातून पोटासाठी आलेल्या आपल्या कितीतरी घरांची ही कथा आहे. तो दवाखान्यात जातो, तेव्हा केसपेपरवर नाव आणि वय लिहिले जाते. काम काय करतो, कशाच्या वासात करतो, हे सहसा विचारले जात नाही. मग त्याचा आजार ‘त्याचा’ ठरतो, कारखान्याचा ठरत नाही.

नोंदीने काय होते, हे खाडीपलीकडच्या माहुलने दाखवले. तिथे केईएम रुग्णालयाच्या पाहणीत सुमारे ६७ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचे मान्य करताना ही पाहणी विचारात घेतली. लोकांची तक्रार आधीपासून होती. ती कागदावर आली, तेव्हा तिला वजन आले.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो सार्वजनिक पाण्यावरच्या समान हक्कासाठी. हवा तर सर्वांत सार्वजनिक. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना त्याच काळात आखली गेली आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. भिक्खूंसाठी विनयात पाणी आणि हिरवळ घाण न करण्याचा नियम आहे. प्रतीत्यसमुत्पाद सांगतो, कारण असल्याशिवाय दुःख नाही. मग खोकल्याचे कारण शोधणे हेही धम्माचेच काम आहे.

कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या चुली त्यांच्यावर पेटतात. कामगाराने नोकरी आणि फुप्फुस यांतून एक निवडावे, ही अट मात्र आम्हाला मान्य नाही.

म्हणून तरुणांनी तीन कामे हाती घ्यावीत. विहारात एक वही ठेवा: तारीख, वेळ, वास कसला, त्रास कोणाला. त्या नोंदीसह मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि जवळच्या कारखान्यांच्या परवान्यातील अटी माहिती अधिकारात मागा. दवाखान्यात केसपेपरवर काम लिहून घेण्याचा आग्रह धरा. आणि १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब-साखरेबरोबर फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारी तपासणी ठेवा. दरवर्षी त्याच माणसांची, त्याच वहीत.

पाच वर्षांनी ती वही घेऊन आपण निर्मल भवनाच्या दारात उभे राहू, तेव्हा त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवायला आपलेही आकडे असतील. जय भीम.