दोन टक्क्यांचं गणित आणि ज्युवेल काउंटी



सोयाबीनची मळणी उरकली, तूर फुलोऱ्यात आहे, दोन फवारण्यांच्या मध्ये जरा उसंत मिळालीय. आजची नोंद पिकाची नाही आणि नेहमीपेक्षा लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा एका शेतकरी मेळाव्यात पाहुण्या वक्त्यांनी ते नेहमीचं वाक्य टाकलं. अमेरिकेत दोन टक्क्यांपेक्षा कमी लोक शेती करतात आणि जगाला खाऊ घालतात. आपल्याकडं पंचेचाळीस टक्के लोक शेतीत अडकून पडलेत. माणसं शेतीतून काढा, जमिनी मोठ्या करा, खेडी आपोआप सुधारतील. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, मीही वाजवल्या. दोन-चार एकरांत काय हाल होतात हे मला कुणी शिकवायला नको.

पण घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. अमेरिकेत शेतीतून माणसं निघून शंभर वर्षं झाली. मग तिथली खेडी सुधारली असतील की! बघू तरी एखादं. म्हणून मी एक काउंटी धरली आणि तिच्या जनगणनेचे आकडे वहीत उतरवले. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा समजा, राज्याच्या खालचा.

नाव ज्युवेल काउंटी, राज्य कान्सस. अमेरिकेच्या नकाशाचा अगदी मध्य. क्षेत्र सुमारे ९१० चौरस मैल, म्हणजे आपल्या सरासरी तालुक्याच्या पावणेतीनपट. पिकं कोणती? गहू, मका, सोयाबीन आणि ज्वारी. हो, आपली ज्वारीच. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कान्ससमध्ये होते, फक्त तिची भाकरी होत नाही. ती जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते.

आता माणसं बघा.

१८७० ला तिथं जेमतेम दोनशे माणसांची नोंद. मूळची ही पॉनी लोकांची शिकारीची रानं. त्यांना तिथून हटवलं, तो अन्याय वेगळाच आणि तो विसरून पुढं जाता येत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सरकार १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देत होतं. अट एवढीच की पाच वर्षं राहा आणि कसून दाखवा. माणसं लोटली. १८८० ला १७,४७५. १९०० ला १९,४२०. हा कळस.

तिथून उतार लागला तो आजपर्यंत. १९२० ला १६,२४०. १९४० ला ११,९७०. १९६० ला ७,२१७. १९८० ला ५,२४१. २००० ला ३,७९१. आणि २०२० च्या जनगणनेत २,९३२.

शंभरातली पंच्याऐंशी माणसं गेली. लढाई नाही, महामारी नाही, धरणात गाव बुडालं नाही. जमीन तिथंच आहे, आणि १९०० ला एकरी जेवढं पिकायचं त्याच्या कितीतरी पट आज पिकतंय. वक्त्यांच्या हिशेबानं ही काउंटी सोन्यानं मढलेली असायला हवी होती. माणसं कमी, जमीन मोठी, उत्पादन जास्त. तिन्ही अटी पूर्ण.

आणि झालं काय? काउंटीचं मुख्य गाव मॅनकेटो, जिथं कोर्ट आहे, कचेऱ्या आहेत, त्याची लोकसंख्या ८३६. आपल्याकडं एवढ्या वस्तीला ग्रामपंचायतही कशीबशी मिळते. २००६ साली मॅनकेटो आणि व्हाइट रॉक या दोन शाळा-जिल्ह्यांचे कारभार एकत्र करावे लागले. आधी याच दोन्हीकडच्या शाळा एकमेकांविरुद्ध सामने खेळत असणार.

हे असं का होतं, त्याचं गणित अवघड नाही. आपल्या मोंढ्यातला कुठलाही दुकानदार ते तोंडी सांगेल.

समजा ३,२०० एकरांवर वीस घरं आहेत, प्रत्येकी १६० एकर. वीस घरं म्हणजे शंभर माणसं, तीस-चाळीस पोरं, म्हणजे एक शाळा. वीस घरांना मीठ-मिरची लागते, कपडे लागतात, लोहार, न्हावी, डॉक्टर लागतो. आता त्याच ३,२०० एकरांवर एकच घर राहिलं. ते घर वीसपट श्रीमंत झालं असं धरलं तरी ते वीसपट मीठ खाणार नाही, वीस वेळा केस कापणार नाही, आणि वीसपट पोरं तर नाहीच. दुकान बंद पडतं. मग शाळा. मग डॉक्टर. ज्याला शाळा आणि डॉक्टर हवा तो उरलेलाही गाडी भरतो.

मोठी शेती वीसपट घेते ते डिझेल, खत, बियाणं, औषध आणि यंत्र. तिकडचा मोठा नवा कम्बाइन पाच लाख डॉलरच्या वर जातो. तो पैसा गावात फिरत नाही. तो कंपनीकडं, मोठ्या बँकेकडं, दूरच्या डीलरकडं जातो. आणि जमीन? अमेरिकेत साधारण ३९ टक्के शेतजमीन दुसऱ्याची, खंडानं कसलेली आहे, आणि त्यातली बहुतेक ज्यांची आहे ते स्वतः शेती करत नाहीत. म्हातारा वारला, पोरं शहरात, जमीन शेजाऱ्याला खंडानं. खंडाचा पैसाही शहरात. कणसं काउंटीत, पैसा काउंटीबाहेर. त्याला सुधारणा म्हणायचं असेल तर म्हणा.

हे मी आज शोधून काढलं असंही नाही. १९४० च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट नावाच्या माणसानं कॅलिफोर्नियातली दोन गावं तपासली. डिनुबाभोवती लहान शेतं होती, आर्विनभोवती मोठी. लहान शेतांच्या डिनुबात दुकानं-धंदे जास्त, शाळा जास्त, गावकऱ्यांच्या संस्था जास्त. टीका करणारे म्हणाले की दोन्ही गावांचं वय आणि पाण्याची सोय सारखी नव्हती. त्यात तथ्य आहे. पण ज्युवेलमध्ये दोन गावं नाहीत, एकच आहे. आधीचं आणि नंतरचं.

आता "हे आपोआपच झालं, काळाची गती" म्हणणाऱ्यांसाठी. थोडं आपोआप झालं, मान्य. ट्रॅक्टर आला, तीसच्या दशकातला दुष्काळ आला, शहरात पगार बरा मिळायला लागला. पण बाकीचं ठरवून झालं. १९७२ ला रशियानं प्रचंड गहू खरेदी केला, भाव चढले. तेव्हाचे कृषिमंत्री अर्ल बट्झ यांचं धोरण सरळ होतं: बांधापासून बांधापर्यंत पेरा, मोठे व्हा. बँकांनी चढलेल्या जमिनीच्या भावावर कर्जं वाटली. मग व्याजदर गगनाला भिडले. जानेवारी १९८० मध्ये त्यांच्याच सरकारनं रशियाला धान्य विकायला बंदी घातली. भाव कोसळले, मागोमाग जमिनीच्या किमती. आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ मध्ये जमिनीचा भाव साठ टक्क्यांहून जास्त घसरला. शेतांचे लिलाव झाले. १९८५ ला विली नेल्सनसारख्या गायकांनी शेतकऱ्यांच्या मदतीसाठी 'फार्म एड' नावाचा जलसा भरवला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यासाठी वर्गणी काढावी लागली, हे मेळाव्यात कुणी सांगितलं का?

त्या दहा वर्षांत, १९८० ते १९९०, ज्युवेलमधून दर पाच माणसांमागं जवळपास एक कमी झालं. ५,२४१ वरून ४,२५१. 'मोठे व्हा' म्हणून सांगणारा मंत्री तोवर कधीच खुर्चीवरून उतरला होता. कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर होतं.

बरं, जे उरले ते तरी स्वतःच्या पायावर उभे आहेत का? २०१८ ला चीनशी व्यापारयुद्ध झालं, सोयाबीनचा भाव पडला. अमेरिकी सरकारनं १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, पुढच्या वर्षी आणखी १६ अब्जांची. २०२० ला सगळं मिळून सुमारे ४६ अब्ज डॉलर थेट शेतकऱ्यांना गेले. मला त्यांचा हेवा वाटतो, राग नाही. संकटात सरकारनं उभं राहायलाच पाहिजे. पण "मोठी शेती झाली की अनुदान लागत नाही" हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. आणखी एक. तिथली सगळी शेतकरी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणं रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाचं शेतीतलं उत्पन्न २०२२ ला आणि २०२३ ला शून्याच्या खाली होतं. त्यात छोटे, हौशी शेतकरीही मोजलेत हे खरं. तरीपण घर चालतं ते नवराबायकोपैकी कुणाच्या तरी नोकरीवर. आपल्यासारखंच.

आणि आता खरी गंमत. २०११ ला कान्सस सरकारनं पन्नास काउंट्यांसाठी योजना काढली, त्यात ज्युवेल आहे. बाहेरून येऊन इथं राहा, पाच वर्षांपर्यंत राज्याचा प्राप्तिकर माफ, शिक्षणाचं कर्ज असेल तर १५,००० डॉलरपर्यंत आम्ही फेडू. त्याच राज्यात मार्क्वेट, लिंकन अशा छोट्या गावांनी घर बांधायला प्लॉट फुकट देऊ केले.

म्हणजे बघा. १८६२ ला माणसं यावीत म्हणून जमीन फुकट दिली. मग शंभर वर्षं माणसं जास्त झाली म्हणून ती जाऊ दिली. आणि आता माणसं यावीत म्हणून पुन्हा फुकट वाटताहेत. माणूस घालवायला एक पडलेला भाव पुरतो. परत आणायला करमाफीही पुरत नाही. २०१० ला ३,०७७ होते, योजना येऊनही २०२० ला २,९३२.

यावर कुणी म्हणेल, गेले ते सुखी झाले, तुला काय त्रास? खरंय, बरेच सुखी झाले असतील. पण ते गेले कुठं? कारखान्यांत, शहरांतल्या पगारी नोकऱ्यांत. गेले तेव्हा तिथं कामाला माणसं हवी होती. आपल्या पोरांना कोण बोलावतंय? आपल्या गावातून गेलेली बहुतेक पोरं पुण्यात वॉचमन, डिलिव्हरी नाहीतर कंत्राटी कामावर आहेत. दिवाळीला येतात आणि विचारतात, वावर विकायचं नाही ना? ते एकरभर वावर म्हणजे त्यांचा विमा आहे. तो काढून घ्यायचा, तर बदल्यात काय देणार ते आधी सांगा.

मी लहान तुकड्याची आरती करत नाही. देशात सरासरी धारणा १.०८ हेक्टर आहे, तेवढ्यावर घर चालत नाही, हे मी रोज भोगतो. काही माणसांनी शेतीतून बाहेर पडायलाच हवं, यात वाद नाही. माझा वाद क्रमाशी आहे. आधी तालुक्याच्या गावात काम उभं करा: डाळ मिल, तेल घाणा, गोदाम, यंत्रं दुरुस्त करणारी चार दुकानं. मग माणूस स्वतःहून शेती सोडेल आणि गाव मात्र सोडणार नाही. यंत्र मोठं हवं, कबूल. ते गटानं घ्या, भाड्यानं फिरवा. त्यासाठी सातबारा एकाच्या नावावर व्हायची गरज नाही. ज्युवेलमध्ये उलटं झालं. माणूस आधी गेला, मग काम आणायला निघाले.

म्हणून पुढच्या मेळाव्यात कुणी "अमेरिकेत दोन टक्के" म्हणालं, की टाळ्या वाजवायच्या आधी हात वर करा आणि तीन प्रश्न विचारा. बाकीचे कुठं जाणार? जमीन कुणाच्या नावावर होणार? आणि पिकाचा पैसा कुठल्या गावात खर्च होणार? उत्तरं आली तर मलाही कळवा. नाही आली, तर ज्युवेलचे आकडे वर दिलेत, वाचून दाखवा.

चला, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी दिसायला लागलीय. उद्या सकाळी कामगंध सापळे तपासतो, आकडे संध्याकाळी टाकतो. पटलं तर सांगा, नाही पटलं तर भांडा. पण आकड्यांनी भांडा.

राम राम.