एक्स-रेला साक्षीला उभे करू नका



चातुर्मास आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. गव्हाच्या दाण्याचा राखाडी फोटो, आत कोंब, आणि खाली लिहिलेले: एक्स-रेने सिद्ध झाले, अंकुरात अनंत जीव! मग हात जोडलेल्या चित्रांची रांग. हा संदेश पुढे पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्स-रे दाखवतो ती घनता. दाट भागात किरण जास्त अडतात, पोकळीतून सहज पार होतात, एवढेच. मायक्रो-सीटीत दाणा थोडा थोडा फिरवून शेकडो फोटो घेतात आणि संगणक त्यांतून आतले रूप उभे करतो. कापावे लागत नाही, म्हणून तोच दाणा उद्याही पाहता येतो. पाणी शिरून गर्भ कसा फुगतो, मुळे कुठून फुटतात, वाढत्या कोंबाला साखर पुरवताना पिठाचा भाग गर्भाच्या बाजूने कसा पोकळ होत जातो, हे सगळे त्यात दिसते. पाहण्यासारखेच आहे ते! पण बियाणे तपासताना साधा एक्स-रे दाणा भरलेला की पोकळ, किडलेला की तडकलेला एवढेच सांगतो. उगवणशक्ती गेलेला जुना पण भरलेला दाणा आणि जिवंत दाणा त्यात बहुतेक सारखेच दिसतात. ज्याला एक जीव आहे की गेला हे कळत नाही, ते यंत्र अनंत जीव कसे मोजणार? आणि उद्या दुसऱ्या यंत्राने काही सापडले नाही म्हटले, तर आपण नियम सोडणार का?

त्याच संदेशात या तपासणीला ‘अहिंसक’ म्हटलेले असते. दाणा फुटत नाही, एवढाच प्रयोगशाळेतल्या त्या शब्दाचा अर्थ. 1928 साली अमेरिकेत लुईस स्टॅडलर यांनी उगवत्या जवावर एक्स-रे सोडूनच त्याच्या वंशात विकृती घडवून दाखवल्या होत्या. फोटोसाठी किरण त्याहून फार कमी लागतात हे खरे, पण तोच दाणा पुन्हा पुन्हा पाहायचा तर मात्रा साठत जाते. संशोधकांनाही तो हिशेब ठेवावा लागतो.

या चित्रांतून घ्यायचेच असेल तर एवढे घ्या की दाण्याच्या आतली हालचाल कोंब डोळ्यांना दिसण्याआधीच सुरू झालेली असते. आता जरा स्वयंपाकघरात या. मोडाची मटकी वर्ज्य मानणाऱ्या किती घरांत मुलांच्या दुधात माल्टची पावडर पडते! माल्ट म्हणजे भिजवून मुद्दाम मोड आणलेले आणि मग वाळवलेले धान्य, बहुधा जव. वाळवल्यावर ते अचित्त झाले, असे एका मावशींनी मला ऐकवले. अहो मावशी, मग मटकी वाळवून चालेल का? डब्यावर ‘माल्टेड बार्ली’ छापलेले असते, ते वाचायला चष्मा पुरतो. नाचणी सत्त्वही बहुतेक ठिकाणी मोड आणूनच करतात, तेव्हा विकत घेताना विचारा.

आमच्याकडे नाचणीचे साधे पीठ भाजून खीर होते, मुले आवडीने खातात. कृती पुढच्या वेळी लिहिते.