जुनी जीप शर्यतीत उतरवायची, तर पैसा आधी कुठं घालायचा?



मृग तोंडावर आला की आमच्या मावळात दोन कामांची घाई उडते. भाताची रोपं टाकायची, आणि गोठ्यामागं उभी असलेली जुनी जीप बाहेर काढायची. पावसाळ्यातल्या रविवारी कुणाच्या तरी पडीक रानात चिखलाची शर्यत लागते. बक्षीस किरकोळ, हौस मोठी. त्यात गैर काही नाही. पण पोरं ज्या क्रमानं गाडीवर खर्च करतात, त्याबद्दल आज बोलायचंय.

आधी मोठे टायर, मग गाडी चार-सहा इंच उचलायची, मग टपावर लाइटची पट्टी. ब्रेक मात्र होते तसेच. माझं मत सरळ आहे: हा क्रम उलटा आहे आणि एखाद्या दिवशी तो कुणाचा तरी जीव घेईल.

आपल्याकडची जुनी जीप म्हणजे बहुतेक एमएम ५४० नाहीतर तिच्या घरातली एखादी. पुढं-मागं पाटे, डिझेल इंजिन, दांड्याच्या फोर-व्हीलला 'लो' गिअर. ही गाडी ताकदीला कमी पडत नाही. चिखलात अडकते ती दुसऱ्याच कारणानं. एक चाक हवेत लटकलं की डिफरन्शियल सगळी फिरकी त्याच चाकाला देतं आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चिखलणी करताना ट्रॅक्टरचं एक चाक फिरायला लागलं की आपण पायानं लॉक दाबतोच ना? जीपला तो पेडल नाही, एवढंच. म्हणून हौसेचा पैसा उरलाच, तर तो मागच्या डिफरन्शियलच्या लॉकवर घाला.

पोरं म्हणतात, "काका, उंची नसली तर हौसिंग दगडाला अडकते." अरे, पण शॅकल लांब केले, पाटे वाढवले, तरी हौसिंग आहे तिथंच राहते. वर जाते ती फक्त बॉडी. हौसिंग उचलते टायरच्या उंचीनं. आणि बॉडी वर गेली की तोल जातो. आडव्या उतारावर काल निभावलेली गाडी आज कलंडते. टायरचंही तसंच. ६.००-१६ काढून ३१ इंची घातले की लो गिअरचा जोर कमी होतो आणि एक्सल, स्टिअरिंगवर ताण वाढतो. त्यापेक्षा आहे त्या मापाचे चांगल्या नक्षीचे टायर घ्या आणि चिखलात उतरताना हवा १८-२० पर्यंत खाली आणा. डांबरीवर यायच्या आधी परत भरा.

माझा क्रम असा. पहिलं ब्रेक आणि स्टिअरिंगचे जोड. ड्रममध्ये पाणी-चिखल गेला की ब्रेक धरत नाही, आणि चढावर इंजिन बंद पडलं की गाडी मागं येते. तेव्हा रिव्हर्स गिअर टाकून सरळ खाली यायचं, आडवी वळवायची नाही. दुसरं, चेसिसला नट-बोल्टनं पक्के बसवलेले हुक, पुढं आणि मागं. बंपरला दोर बांधू नका. ट्रॅक्टरची साखळी उंचावर अडकवली की पुढची चाकं उचलतात, हे माहीत असलेला माणूस जीप ओढताना मात्र दिसेल तिथं दोर बांधतो! आणि ताणलेल्या दोराजवळ कुणी उभं राहायचं नाही. तिसरं, सीटबेल्ट आणि रोल केज. नुसत्या ताडपत्रीखाली शर्यत खेळू नका. चौथं स्वस्तातलं काम, हौसिंगच्या ब्रीदरला नळी जोडून ती वर न्या. तापलेली हौसिंग गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. इंजिनच्या हवेचं तोंडही बघा. डिझेल इंजिननं पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्च ऐकवत नाही.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. शर्यत रानात असली तरी तिथवर गाडी रस्त्यानंच जाते. म्हणून केज, लॉक, टायर, काहीही करायच्या आधी आरटीओत विचारा. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याच्या दारात उभं राहणं अवघड होईल.

शेवटचं जागेचं. ओढ्यात, वनखात्याच्या हद्दीत किंवा दुसऱ्याच्या बांधावर गाडी घालू नका. मालकाला विचारून पडीक रान घ्या. एकदा चाकांनी फोडलेला बांध परत घालायला किती दिवस जातात, हे बांध घालणाऱ्यालाच माहीत.

गाडी किती बदलायची याचं माझं माप एकच: रविवारी शर्यत खेळलेल्या जीपनं सोमवारी सकाळी दुधाचे कॅन घेऊन वेळेत डेअरीवर पोचलं पाहिजे. त्यापलीकडचा बदल ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे त्यानं करावा.